तणनाशकाने वाचवलेलं गवत

लग्नानंतर चौदा वर्षं मी घरीच होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, पण मुलीचं बालपण, सासूबाईंचं आजारपण आणि नवऱ्याच्या न्हावा शेवा बंदरातल्या शिफ्ट यात ती पदवी कपाटातल्या फाइलमध्ये पडून राहिली. मुलगी सातवीत गेली तेव्हा मी पुन्हा नोकरी शोधायला लागले. पनवेलच्या बाहेर, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, एक लहानसं खासगी संशोधन केंद्र होतं. तिथे मला प्रयोगशाळा सहायक म्हणून घेतलं. रोडपालीहून रिक्षाने जायचं आणि संध्याकाळी ट्रेलरच्या रांगांमधून वाट काढत परत यायचं. पहिले काही दिवस मायक्रोस्कोपला हात लावण्याआधी कुणी बघत नाही ना, ते मी बघून घ्यायची. चौदा वर्षांत आपण सगळं विसरलो आहोत, हे कुणाच्या तरी लक्षात येईल, याचीच धास्ती.

काम गवताचं होतं. स्टेडियममध्ये आणि गोल्फच्या मैदानावर लावतात ते बारीक, मऊ लॉनचं गवत. अशा लॉनमध्ये तण उगवलं की ते हाताने उपटावं लागतं, कारण तणनाशक मारलं तर लॉनही मरतं. म्हणून आमच्याकडच्या गवतात एक जनुक बाहेरून घातलेलं होतं. ते असलं की तणनाशक अंगावर पडूनही गवत तगतं. असं गवत उघड्यावर लावायला परवानगी नसते. त्यामुळे आमचं सगळं काम इमारतीमागच्या बंद ग्रीनहाऊसमध्ये चालायचं. आत जायला दोन दारं, एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. चपला बाहेर, आतले बूट वेगळे. कापलेलं एक पातंसुद्धा बाहेर जायचं नाही आणि बाहेरचा काडीकचरा आत आणायचा नाही. हा दुसरा नियम मी मोडला आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

तिथे आम्ही तिघं होतो. प्रमुख होत्या त्या मॅडम, मूळच्या पुण्याच्या, साठीच्या. सगळं आयुष्य वनस्पतींच्या रोगांवर काम करण्यात गेलेलं. बोलायच्या कमी, आणि ऐकताना समोरच्याकडे इतक्या टक लावून बघायच्या, की माणूस आपोआप खरं बोलायला लागायचा. ग्रीनहाऊसचं पाणी, माती, साफसफाई बघायला काका होते. ते चिरनेरच्या अलीकडच्या एका गावातले. त्यांची भाताची खाचरं होती, तिथे आता कंटेनर यार्ड आहे. मुलगे ट्रेलरच्या धंद्यात शिरले. काकांना घरी बसवेना, म्हणून ते रोज दोन गाड्या बदलून इथे यायचे. मला पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायचे, लेकीला म्हणावं तसं.

त्या पावसाळ्यात आम्ही गवताचे तीस ट्रे लावले. चोवीस ट्रेमध्ये जनुक घालून बदललेलं गवत, सहांमध्ये साधं. प्रयोग सरळ होता. निम्म्या ट्रेवर तणनाशक फवारायचं, निम्म्यांवर नाही, आणि गवत कसं राहतं ते बघायचं. पण ट्रे नवीन होते आणि त्यांची भोकं मोठी. पाणी घातलं की माती खालून वाहून जायची. तळाशी घालायला नारळाचा काथ्या मागवला होता, तो येईना. मॅडमनी पेरणीची तारीख ठरवून दिलेली. मी काकांना म्हटलं, "घरी पेंढा असेल ना? मूठ मूठभर तळाशी घालू."

"भायेरचं आत आनायचं नाय ना, बाय?"

"वाळलेला पेंढा तर आहे. काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याच्या घरून पिशवीभर पेंढा आणला. आम्ही दोघांनी तो ट्रेच्या तळाशी अंथरला आणि वर माती घातली. तो पेंढा गरम पाण्यातून काढावा, एवढंसुद्धा मला सुचलं नाही.

गवत छान उगवलं. हिरव्या मखमलीसारखं, हात फिरवावासा वाटे असं. मग श्रावणात मॅडमच्या मुलीचं बाळंतपण आलं आणि त्या आठ दिवसांसाठी पुण्याला गेल्या. जाताना वहीत लिहून गेल्या, मंगळवारी ठरलेल्या ट्रेवर तणनाशक फवारायचं.

सोमवारी सकाळी मी ग्रीनहाऊसमध्ये पाऊल टाकलं आणि दारातच थांबले. आत दमट, गरम हवा कोंडलेली. काचेवरून पाणी ओघळत होतं. जवळजवळ प्रत्येक ट्रेमध्ये गवतावर पांढरट जाळी पसरली होती. कोळ्याच्या जाळ्याहूनही बारीक, आणि तिच्यावर दवाचे थेंब टिपून ठेवल्यासारखे. मी वाकले. जाळी एका पात्यावरून दुसऱ्यावर गेली होती, दोन पात्यांमधली हवा तिने पुलासारखी ओलांडली होती. आधी वाटलं, काय सुंदर आहे हे! मग जाळीखालची पाती बुंध्याशी तपकिरी, पाण्यात भिजल्यासारखी झालेली दिसली.

काका मागे येऊन उभे राहिले. त्यांनी एक पातं दोन बोटांत धरलं, बुंधा बघितला आणि म्हणाले, "बाय, ह्यो करपा हाय. आमच्या खाचरान यायचा. आदी बुडाला लागतो, मंग वर चरतो. पेंढ्यातून आला."

करपा, म्हणजे भातावरचा बुरशीचा रोग. मॅडमना फोन लावायला हवा होता. हातात मोबाइल घेतला आणि ठेवून दिला. मुलीच्या बाळंतपणात त्यांना कशाला त्रास, असं स्वतःला सांगितलं. खरं कारण निराळं होतं. चौदा वर्षांनी मिळालेली नोकरी मूठभर पेंढ्यापायी जाईल, ही भीती होती.

मंगळवारी मी वहीत लिहिलं होतं तेवढंच केलं. मास्क, हातमोजे घालून बारा बदललेल्या आणि तीन साध्या ट्रेवर तणनाशक फवारलं. रोगाचं नाव वहीत काढलं नाही. फवारताना मनात येत होतं, आता काय उपयोग? हे सगळं चार दिवसांत कुजणारच आहे.

शुक्रवारी काकांनी मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. "बाय, हिकरं ये. ह्ये बग."

मी गेले. साध्या गवताचे फवारलेले ट्रे पिवळे पडून मेले होते. ते अपेक्षितच होतं. बदललेल्या गवताचे न फवारलेले ट्रे रोगाने बसले होते, मधोमध ताटलीएवढे तपकिरी डाग, त्यांच्या कडेला धुरकट काळसर वलय. पण बदललेल्या गवताच्या फवारलेल्या ट्रेमध्ये रोग होता तिथेच थांबला होता. जाळी नव्हती. जुनी पाती वाळली होती आणि त्यांच्यामधून नवी, कोवळी, हिरवी टोकं वर आली होती.

काका म्हणाले, "तन मारायचं औषद दिलं, त्यांचाच रोग थांबला."

"असं कसं होईल, काका? ते तणाचं औषध आहे, बुरशीचं नाही."

"ते मला काय ठाव? पन डोल्यांनी दिसतंय ना?"

मला वाटलं, मी भीतीपायी चुकीची बाटली उचलली असणार. शेल्फवर बुरशीनाशकही होतं. धावत गेले. बुरशीनाशकाचं सील तसंच होतं. तणनाशकाची बाटली उघडलेली, माझ्याच अक्षरात मंगळवारची तारीख घातलेली. मी परत ग्रीनहाऊसमध्ये आले आणि बदललेल्या गवताच्या प्रत्येक ट्रेसमोर उभी राहून खूण तपासली. फवारलेला, हिरवा. न फवारलेला, कुजलेला. बारा वेळा तेच. पुस्तकात वाचलेलं काही खरं झालेलं नव्हतं. माझ्या चुकीतून, मला अजिबात न विचारता, काहीतरी आपलं आपण घडलं होतं.

सोमवारी मॅडम आल्या. सरळ ग्रीनहाऊसमध्ये गेल्या आणि कितीतरी वेळ ट्रेंमधून फिरल्या. मग एक ट्रे उलटा केला. मातीचा गड्डा निघाला आणि त्याच्या तळाशी पेंढा.

"हा कुणी आणला?"

"मी आनला," काका लगेच म्हणाले. "माजी चूक झाली, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. दोन क्षण गेले असतील. ते दोन क्षण मला आजही टोचतात, कारण तेवढ्यात मी गप्प राहायचा विचार करून पाहिला होता.

"नाही मॅडम," मी म्हटलं. "मी त्यांना आणायला सांगितलं. ते नको म्हणत होते. रोग मला सोमवारीच दिसला होता. मी तुम्हाला कळवलं नाही आणि वहीतही लिहिलं नाही."

मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. मग त्या म्हणाल्या, "वही घेऊन ये. सोमवारपासून जे जे बघितलंस ते सगळं आत्ता लिही. पेंढासुद्धा. आणि पुन्हा कधी असं करू नकोस."

"हो."

"आणि ट्रे फेकू नकोस. फवारलेलेच वाचले, हे आधी कुणाच्या लक्षात आलं?"

मी काकांकडे बोट केलं. मॅडम त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांना नमस्कार करावा तशी मान लववली. काका इतके अवघडले, की हातातली पाण्याची नळी बंद करायचं विसरले. माझे बूट भिजले.

मॅडमचा लगेच विश्वास बसला असं मात्र नाही. फवाऱ्याच्या नुसत्या पाण्याने जाळी धुऊन गेली असेल, त्या म्हणाल्या. म्हणून आम्ही नवे ट्रे लावले, या वेळी मुद्दाम बुरशी सोडून. काहींवर नुसतं पाणी फवारलं. ते आणखी लवकर कुजले. काहींवर तणनाशक फार उशिरा, रोग मुळाशी गेल्यावर दिलं. ते वाचले नाहीत. वेळेवर दिलेले वाचले. मग मॅडम म्हणाल्या, "आता गवत बाजूला ठेवू. बुरशी एकटी असताना काय करते ते बघू."

काचेच्या बशांमध्ये बुरशीचं खाद्य जेलीसारखं थिजवून आम्ही त्यात बुरशी सोडली. निम्म्या बशांच्या जेलीत तणनाशकाची शुद्ध पूड अगदी चिमूटभर मिसळली होती. दुसऱ्या दिवशी साध्या बशीत बुरशी रुपयाएवढी झाली होती. तिसऱ्या दिवशी तिने कडा गाठली. पूड घातलेल्या बशीत सोडलेला ठिपका होता तिथेच, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा, जणू त्याने श्वास रोखून धरला होता. मी रोज सकाळी पदर खोचून आधी त्या बशांकडे जायची. घरी डबे भरतानासुद्धा डोक्यात त्या बशा. मुलगी म्हणाली, "आई, तू हल्ली एकटीच हसतेस."

एकदा मी साध्या बशीतला एक धागा मायक्रोस्कोपखाली लावला होता. काका दारातून पाणी द्यायची वेळ विचारायला डोकावले. मॅडम म्हणाल्या, "काका, या. बघा."

"मी? नको. हात खराब हायेत."

"डोळे लावायचेत, हात नाही."

काकांनी टोपी काढली. देवळात काढतात तशी. स्टुलावर बसले, डोळा लावला. आधी त्यांना आपल्याच पापण्या दिसत होत्या. मी चाक जरासं फिरवलं आणि ते एकदम स्तब्ध झाले. त्यांना काय दिसत होतं ते मला ठाऊक होतं. फिकट तपकिरी नळ्या, काचेसारख्या पारदर्शक, आणि प्रत्येक फांदी काटकोनात फुटलेली, फुटते तिथे जराशी चिंचोळी, जणू कुणी दोरा बांधून कंबर केली आहे. आणि त्या नळ्यांच्या आत काहीतरी सरकत होतं, संथ, न थांबता.

मग काका डोळा न हलवताच म्हणाले, "ह्योच का तो?"

"हाच," मॅडम म्हणाल्या. "भातावरचा आणि या गवतावरचा, एकच."

"एका साली आमचं सगलं खाचर नेलं त्यानं. बापूस बांदावर बसून होता, कुनाशी बोलला नाय. आनि दिसायला येवडा देखना?"

काकांनी डोळा बाजूला घेतला तेव्हा तो ओला होता, आणि चेहऱ्यावर राग नव्हता. मोठ्या माणसाला पहिल्यांदा समुद्र दिसावा तसं काहीतरी होतं. समुद्र त्यांनी जन्मभर बघितलेला होता, म्हणा.

त्या दुपारी मी मॅडमना विचारलं, तणनाशकाने बुरशी का थांबली? त्यांनी चहा बाजूला ठेवून सांगितलं. हे तणनाशक झाडाच्या पेशीतलं एक काम अडवतं. ते काम अडलं की पेशीत विषारी अमोनिया साठतो आणि झाड मरतं. तेच काम बुरशीच्या पेशीतही चालतं. झाड आणि बुरशी एकमेकांपासून इतकी लांबची, तरी आतलं ते यंत्र दोघांचंही फार जुनं आणि सारखं. आमच्या गवताकडे विष निकामी करणारं जनुक होतं, म्हणून ते वाचलं. बुरशीकडे नव्हतं.

"आणि ते जनुक आलं कुठून, आठवतं?"

"मातीतल्या एका जिवाणूतून," मी म्हटलं. कागदपत्रांत वाचलेलं होतं.

"आणि हे विष पहिल्यांदा कुणी बनवलं?"

ते मला माहीत नव्हतं.

"त्यानेच," मॅडम म्हणाल्या. "त्याच कुळातले जिवाणू मातीत हे विष बनवतात. शेजाऱ्यांना दूर ठेवायला असेल, आपल्याला नेमकं ठाऊक नाही. आणि आपल्याच विषाने आपण मरू नये म्हणून उतारा जवळ बाळगतात. माणसाने विषही त्यांच्याकडून घेतलं आणि उताराही."

मग त्यांनी फ्रीजमधून एक बशी काढून माझ्यासमोर ठेवली. आमच्याच कुंड्यांच्या मातीतून त्यांनी त्या कुळातला एक जिवाणू वाढवला होता. राखाडी-पांढऱ्या, पिठी लावल्यासारख्या बारीक टिकल्या. "वास घे. नाक लांबून."

मी झाकण किंचित उचललं. ओल्या मातीचा वास. जसाच्या तसा, त्या चार इंची बशीतून. जन्मभर मी त्याला मातीचा वास म्हणत आले होते. तो मातीचा नव्हता, यांचा होता. पायाखालच्या ढेकळात कोण कोण राहतं, काय काय बनवतं, कुणाला अडवतं, कुणाला वाट देतं, आणि आपण वरून चपला वाजवत जातो. मला एकदम उभं राहावंसं वाटलं आणि मी उभी राहिलेही. मॅडम हसल्या. मी त्यांना हसताना क्वचितच पाहिलं होतं.

काकांना मायक्रोस्कोपचं वेड लागलं ते त्या दिवसापासून. दर सोमवारी ते काहीतरी घेऊन यायचे. ग्रीनहाऊसच्या आत नाही, नियम आता आम्हा दोघांनाही पाठ झाले होते. व्हरांड्यात मॅडमनी जुना मायक्रोस्कोप मांडून दिला. शिळ्या भाकरीवरची बुरी, शेवाळ, माशाचं खवलं, मिठागरातल्या मिठाचा खडा. खड्याच्या कडा बघून ते म्हणाले, "कोनी तासलं असंल ह्ये?" जेवणाच्या सुट्टीत एकेका वस्तूसमोर अर्धा अर्धा तास बसायचे. शेजारच्या ऑफिसातले लोक हसायचे, काकांना फिकीर नव्हती.

मी मात्र मनातल्या मनात मोठी स्वप्नं बघायला लागले होते. तणनाशक रोगही थांबवतं, हे आपण शोधलं! एका सकाळी मॅडमनी छापलेले काही कागद माझ्यापुढे ठेवले. "वाच. परदेशात दुसऱ्या जातीच्या लॉनवर हे लोकांनी आधीच पाहिलंय. आपण पहिले नाही."

मी वाचलं. खट्टू व्हायला हवं होतं. पण वाचता वाचता निराळंच वाटत गेलं. समुद्रापलीकडे, ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा कुणीतरी गवतासमोर वाकून हेच बघितलं होतं, त्यांनाही आधी आपली बाटली चुकली असंच वाटलं असेल. बुरशी तिथेही अशीच थांबली होती.

"आणि एक लक्षात ठेव," मॅडम म्हणाल्या. "एका बुरशीवरून सगळ्या बुरश्यांचा न्याय करायचा नाही. काही रोग तणनाशकाने वाढतातसुद्धा." खरंच, पुढच्या महिन्यात आम्ही दुसरी एक बुरशी त्याच बशांत सोडली, तर ती जवळजवळ बिनधास्त वाढली. रोग आवरायला तणनाशक मारा, असं काही मॅडमनी अहवालात लिहिलं नाही. जे दिसलं तेवढं लिहिलं. पहिल्या निरीक्षणासमोर त्यांनी काकांचं नाव घातलं आणि पेंढ्याची गोष्टही घातली, माझ्या नावासकट.

वर्षभराने वरच्या लोकांनी तो प्रकल्प बंद केला. गवत कुठे लावायची परवानगी मिळायची चिन्हं नव्हती. नियमाप्रमाणे एकेक पातं नष्ट करायचं होतं. तीन दिवस आम्ही गवत, माती, मुळं सगळं पिशव्यांत भरून वाफेच्या भट्टीत उकडलं आणि नंतर जाळायला पाठवलं. काका शेवटच्या ट्रेवरून हात फिरवत म्हणाले, "काय वाटत असंल ह्याला?" मॅडम म्हणाल्या, "काही नाही वाटत, काका." पण त्यांनीही त्या ट्रेवर एकदा हात ठेवला.

शेवटच्या दिवशी काकांनी घरून तांदळाच्या भाकरी आणि वांग्याची भाजी आणली. मॅडम सुकट खात नाहीत म्हणून मुद्दाम भाजी. रिकाम्या ग्रीनहाऊसच्या पायरीवर आम्ही तिघं जेवलो. आत नुसती टेबलं होती, काच कोरडी होती. जेवून झाल्यावर मॅडमनी व्हरांड्यातला जुना मायक्रोस्कोप खोक्यात भरून काकांपुढे सरकवला. तो मॅडमचा स्वतःचा होता, शिकत असताना घेतलेला.

काका हात मागे घेत म्हणाले, "ह्येचं मी काय करू?"

"जे करताय तेच," मॅडम म्हणाल्या.

काकांनी खोकं दोन्ही हातांनी उचललं, छातीशी धरलं आणि आमच्या पुढे चालत फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर कंटेनरची रांग खोळंबली होती. ते त्या रांगेच्या कडेने, एकेक पाऊल जपून टाकत, बसच्या थांब्याकडे निघाले.